पोरगा सेट हाय

वरकुट्याच्या आबाजींना गावानं कधी पंच केलं नाही, सोसायटीवर घेतलं नाही, जत्रेत नारळ फोडायला पुढं बोलावलं नाही. पण गावातल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरायच्या आधी तिचा बाप आबाजींच्या ओट्यावर येऊन बसल्याशिवाय राहत नसे. आधी पाऊसपाण्याच्या गप्पा, मग शेळ्यामेंढ्यांच्या, आणि मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून तो म्हणायचा, "आबा, तेवढं एक स्थळ बघून येता का?"

आबाजी लगेच हो म्हणत नसत. पटक्याचा शेव झटकत, आभाळाकडं बघत आणि विचारत, "मधी कोण हाय?" मध्यस्थाचं नाव ऐकलं की नाक मुरडत. नाव कुणाचंही असो, नाक मुरडायचंच. नटानं प्रवेशाआधी रंगमंचाला हात लावून नमस्कार करावा, तसं ते होतं.

चौकशी हा आपल्याकडचा जुना रिवाज. पोरगी द्यायची तर पाहुण्यांचं घर कसं आहे, पोरगा पितो का, सासू कशी वागते, हे समोर बसून विचारायचं नसतं. म्हणून एखादा माणूस ओळख न देता त्या गावात धाडायचा, त्यानं काहीतरी निमित्त काढायचं आणि आडून आडून घर उकलायचं. आबाजी कधी बैल घ्यायला जात, कधी बोकड विकायला, कधी हरवलेलं रेडकू शोधायला. पहिला मुक्काम न्हाव्याकडं. मग दूध संकलनावर. "दूध घालाया सासू येती का सून, ते बघायचं," ते सांगत. "दोघी मिळून आल्या तर बोलत येत्यात का मुक्यानं, ते बघायचं. आन शेवटाला घराम्होरनं जायचं आन कुत्र्याकडं बघायचं. घरच्याच पोराला बघून कुत्रं भुकलं, तर समजायचं पोरगं शुद्धीत घरी येत न्हाय."

मुलगी बघायच्या कार्यक्रमाला मात्र ते कधी बसत नसत. पाहुण्यांनी तोंड पाहिलं की चौकशीवाला संपला.

माणूस वाईट नव्हता बरं का. चौकशीचा चहासुद्धा तो कुणाचा फुकट घेत नसे. पण अंगात संशय इतका मुरलेला की घरातही सुटत नसे. सून म्हाळसा म्हणायची, "आबांना दूध दिलं तर आधी वास घेत्यात, मग म्हशीकडं बघत्यात, आन मग माझ्याकडं."

अशा या आबाजींचा सगळ्यात जुना दावा होता तो एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे सेट.

गावात आला तेव्हा शब्द चांगल्या घरचा होता. विहिरीवर पंपसेट बसला, सगळ्या वस्तीनं पाणी बघायला गर्दी केली. मग लग्नात आहेराला कपबश्यांचा सेट येऊ लागला. इथपर्यंत आबाजींची तक्रार नव्हती. पण नंतर तो शब्द मोकाट सुटला. दही सेट व्हायला लागलं, केस सेट व्हायला लागले. मोजणीचा माणूस बांध सोडून निघून गेला की लोक म्हणायचे, "त्याला सेट केलाय." जत्रेत एखादा पैलवान फुंकर मारल्यासारखा आडवा झाला की कुस्ती सेट होती. एखादं पोरगं फोनवर हसून बोलायला लागलं की त्याची सेटिंग चालू आहे. आणि मध्यस्थ स्थळ घेऊन आला, की पान तोंडात सारत सांगायचा, "पोरगा सेट हाय." पुण्यात सेट, चाकणला सेट, एखादा दुबईत सेट.

आबाजींनी असले बरेच सेट पोरगे बघितले होते. एक मेहुण्याच्या खोलीत चटईवर सेट होता. एक लग्नाची पोरगी बघण्यापुरताच नोकरीला लागला होता. एकजण खरोखरच मोठा साहेब निघाला, पण तो ज्या मुलीशी सेट होता ती भलतीच होती. तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की आबाजींचे कान सशासारखे उभे राहायचे.

त्यांची नात वैष्णवी इंदापुरात एका शाळेत इंग्रजी शिकवायची. एका संध्याकाळी आबाजींनी तिला विचारलं, "बाळे, ह्या शब्दाचा खरा अर्थ काय गं?"

वैष्णवीनं जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला. ती पानं उलटत गेली आणि हसायला लागली. "आबा, संपतच नाही हो. सूर्य मावळतो तेही सेट. मोडलेलं हाड बसवतात तेही सेट. जेवायची ताटं मांडतात, तेही. घड्याळाचा गजर लावतात, तेही. सापळा लावतात तेही सेट, आणि कोंडलेल्याला मोकळं सोडतात त्यातही हाच शब्द. आग लावतात त्यातही."

"सापळा लावाया बी ह्योच?"

"हो."

"आन सोडवाया बी ह्योच?"

"हो, आबा."

आबाजींनी पटक्याचा शेव झटकला. मग म्हणाले, "ज्या मानसाला सात धंदे, त्याचा येकबी धंदा खरा नसतो. हा शब्द गावात मानूस असता, तर मी त्याच्या घरी पोरगी दिली नसती."

आणि नेमकं त्यानंतर काही दिवसांनी दत्तोबा मध्यस्थ त्यांच्याच ओट्यावर येऊन बसला. वैष्णवीसाठी स्थळ घेऊन.

"सोमेश्वरनगरच्या अलीकडं वाडी हाय. आपलीच माणसं. बिरुदेव नाव पोराचं," दत्तोबा म्हणाला. "आई हाय, मामा हाय. मामाच घरचं बघतो. आन पोरगा बारामतीत सेट हाय."

आबाजींनी नाक मुरडलं ते असं, की दत्तोबाचा चहा घशात अडकला.

मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. आबाजी रिवाजाप्रमाणे शेळ्या घेऊन माळावर निघून गेले. परत आले तेव्हा पाहुणे गेले होते, पोह्यांच्या ताटल्या विसळायच्या पडल्या होत्या आणि वैष्णवी दारात उभी होती. अशी ती कधी उभी राहत नसे.

"आबा, मला ते आवडलेत," ती सरळ म्हणाली. "मी विचारलं, काय करता, तर म्हणाले, गॅरेज आहे, अजून सेट होतंय. फुशारकी नाही मारली. तुम्ही चौकशी करा, मी नको म्हणत नाही. बाबांनी सांगितलंय, आबांचा शब्द आल्याशिवाय सुपारी फुटणार नाही. पण लवकर करा. मला हो म्हणायचंय."

नातीच्या डोळ्यांत बघून आबाजींना जरा भीतीच वाटली. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींची स्थळं मोडली होती, जोडली होती. घरी येऊन निवांत भाकरी खाल्ली होती. ही गोष्ट वेगळी होती. आणि डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. दत्तोबा म्हणतो सेट हाय. पोरगा म्हणतो सेट होतंय. मग खोटं कोण बोलतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते बारामतीला गेले आणि तिथून वाडीला. कारखान्याचा हंगाम चालू होता. उसानं लदलेल्या ट्रॅक्टरमागं त्यांची एसटी रांगत रांगत पोचली. न्हाव्याच्या दुकानात शिरून ते म्हणाले, "बोकड इकायचा हाय. कोण घेनार हाय का हितं?"

न्हाव्यानं आरशातून त्यांच्याकडं बघितलं. दोनदा बघितलं. "दाढी करायची का?"

"करा की." साबण लागला आणि आबाजींनी गावातल्या चार घरांची नावं काढता काढता बिरुदेवाचं नाव मधेच सोडून दिलं.

"पोरगा सेट हाय," न्हावी म्हणाला आणि वस्तऱ्याला धार लावायला लागला.

"म्हंजी काय करतो?"

"सेट हाय. चांगला पोरगा."

पुढं एक अक्षर नाही. न्हावी आणि गप्प! तिथून ते दूध संकलनावर गेले. तिथला माणूस म्हणाला, "पोरगा सेट हाय. चांगला पोरगा." चहाच्या टपरीवर गेले. चहावाल्यानं बशी पुढं सरकवली आणि म्हणाला, "बिरू व्हय? सेट हाय. चांगला पोरगा." एकच वाक्य, तीन तोंडं आणि हेलसुद्धा तोच. नाटक कंपनीत पडद्याआडून एकच माणूस सगळ्यांना वाक्यं पुरवत असला म्हणजे जसं होतं, अगदी तसं. आबाजींना पुरेपूर खात्री झाली, की ही माणसं पढवलेली आहेत. आणि पढवलंय, म्हणजे काहीतरी झाकलंय.

त्याच पावली ते बारामतीला परतले. गॅरेज भिगवण रस्त्याला होतं. पत्र्याची शेड, बाहेर दोन ट्रॅक्टर, चारपाच मोटारसायकली. आबाजी समोरच्या रसवंतीत बाकावर बसले. ग्लास हातात घेतला आणि डोळे शेडवर लावले.

बिरुदेव चांगला उंच, काळासावळा पोरगा होता. ट्रॅक्टरचं इंजिन चालू करून त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिला. आत कुठं खडखड होतेय ते असं ऐकू येतं. आबाजींना ते फार आवडलं. हासुद्धा आपल्यासारखाच, आतलं ऐकणारा दिसतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते लगेच दाबून टाकलं.

तेवढ्यात जुनी मोटारसायकल घेऊन एक जाडगेला माणूस आला. "बिरूशेठ, गाडी इकायची हाय. मीटर तेवढं सेट करून द्या. लई पळालेली दिसती."

रस पिणाऱ्या आबाजींचा ग्लास तसाच ओठाला राहिला. मीटर मागं फिरवायचं, गाडी कमी पळालेली दाखवायची आणि घेणाऱ्याच्या गळ्यात मारायची. आता पोरगा काय बोलतो?

बिरुदेवानं हात पुसले. हसला. म्हणाला, "आज नको. उद्या या."

झालं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आबाजी रस अर्धा टाकून उठले. वाटभर एसटीच्या खिडकीला डोकं लावून ते एकच विचार करत राहिले. उद्या या, म्हणजे उद्या करून देतो? की नुसतं टाळलं? सज्जन माणूस तोंडावर नाही म्हणाला असता. लबाड माणूस मात्र लोकांसमोर करतो म्हणाला नसता. पढवलेलं गाव आणि हा उद्या या!

घरी वैष्णवीनं विचारलं, "काय म्हणते चौकशी?"

"थांब जरा," आबाजी म्हणाले. त्यांच्या आयुष्यात चौकशी करून आल्यावर ते पहिल्यांदाच असं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाट्यावर सरुबाईच्या चहाच्या टपरीवर बसले होते. तेव्हा मोटारसायकलवरून एक परका माणूस उतरला. पांढरी टोपी, पांढरी विजार, मिशा कातरलेल्या. त्यानं चहा मागितला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हितं शेरडं इकायला हायती का कुनाकडं?"

आबाजी सावध झाले. मागच्याच हंगामात असेच शेळ्या बघायला दोघं आले होते. गोड बोलून कुणाच्या गोठ्यात काय आहे ते बघून गेले आणि पुढच्याच आठवड्यात तीन घरच्या शेळ्या टेम्पोत घालून गायब केल्या. हा परका तर दोन घरांची नुसती नावं काढून आता तिसऱ्या घरावर येऊन थांबला होता. "ते मल्हाररावांचं घर कसं हाय वो? माणसं कोन कोन हायती घरात?"

मल्हार म्हणजे आबाजींचा मुलगा. वैष्णवीचा बाप.

दुसऱ्या कुठल्या दिवशी आबाजींनी ही बोलण्याची पद्धत चटकन ओळखली असती. ती त्यांचीच होती. पण चौकशी करायची ती मुलीकडच्यांनी, मुलाकडचे फक्त पोहे खातात, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की हल्ली पोरी मिळेनाशा झाल्यात, फसवणूक होऊ लागलीय, म्हणून मुलाकडचेही माणसं पाठवायला लागलेत, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यांना शेळीचोर दिसत होता. त्यांनी सरुबाईला डोळा घातला आणि सुरू केलं.

"त्या घराचं नाव नका काढू, पाव्हणं," आबाजी म्हणाले. "म्हातारा हाय एक, खवीस. रातभर झोपत न्हाय, अंगणात खोकत बसतो. पोरगा रागीट, कुनावर धावून जाईल सांगता येत न्हाय. सून तर उठल्याबसल्या शिव्या."

"आन नात हाय न्हवं एक? मास्तरीण?"

आबाजींना वाटलं, घरात बाईमाणूस एकटं कधी असतं ते हा हेरतोय. मग त्यांनी शेवटचा डाव टाकला. "ती? अवो, तिच्या तर वाऱ्यालाबी उभं ऱ्हाऊ नका! मागल्या साली येकजन चुकून दारात आला, तर तिनं फावडं घिऊन हानलं त्येला. दवाखान्यात हुता बिचारा."

परक्या माणसानं बशी खाली ठेवली. "फावड्यानं?"

"तर वो!"

तो माणूस उरलेला चहा न पिता उठला, पैसे टपरीवर ठेवले आणि गाडीला किक मारली. सरुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आबा, काय हे? सोताच्या घराची येवढी इज्जत काढली?"

"गप बस. शेरडं वाचली," आबाजी म्हणाले आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

चार दिवस वाडीकडून काही निरोप आला नाही. मग दत्तोबा आला. पण ओट्यावर बसला नाही, चप्पलही काढली नाही.

"न्हाय आलं, आबा," तो म्हणाला. "पोराच्या मामानं सोता येऊन चौकशी केली. अप्पा नाव त्यांचं. म्हणत्यात, घर भांडकुदळ हाय. आन पोरगी…" त्यानं आत बघितलं. "पोरगी फावड्यानं मारती म्हणत्यात."

आत म्हाळसाच्या हातातलं उलथणं तव्यावर आपटलं. मल्हार बाहेर आला. "कोण म्हणलं असं? नाव सांग त्येचं! त्या हलकटाचं तंगडं मोडतो!"

आबाजी खांबाला धरून उभे होते. "मोड," ते म्हणाले. "हितंच हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेळीचोर, टपरी, फावडं. दत्तोबाला हसू येत होतं, पण मल्हारचं तोंड बघून त्यानं ते पानासारखं गिळलं. वैष्णवी मात्र रडली नाही, ओरडली नाही. पायरीवर आबांच्या शेजारी येऊन बसली.

"आबा, तुम्ही तिकडं काय ऐकलं होतं? का थांब म्हणालात?"

आबाजींनी तेही सांगितलं. तीन तोंडं, एक वाक्य. मीटर, आणि उद्या या.

"मग त्यांना विचारलंत का?"

"कुनाला?"

"ज्यांची चौकशी केली, त्यांना. बिरुदेवांना."

आबाजी खरोखरच गोंधळले. "त्येला कसं इचारायचं? त्यो खोटं बोलंल की."

"आणि तुम्ही?" वैष्णवी म्हणाली.

एवढंच बोलून ती आत गेली. दुपारी कुणाला न सांगता त्यांनी धुवट पटका बांधला आणि वाडीची गाडी धरली.

या वेळी ते न्हाव्याकडं गेले नाहीत. सरळ बिरुदेवाच्या घरासमोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "घरात कोन हाय का? मी वरकुट्याचा आबाजी. वैष्णवीचा आजा."

आतून अप्पा बाहेर आले. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"तुमी?" अप्पा म्हणाले. "टपरीवरचे?"

"व्हय. तुमी इचारलेला खवीस म्हातारा मीच."

आबाजींनी उंबऱ्यातच उभं राहून सगळा प्रकार सांगितला. काही झाकलं नाही. अप्पांनी ऐकून घेतलं. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाव्हणं, पटतंय. पण मला येक सांगा. तवा खोटं बोलला, का आज खोटं बोलताय? मला कसं कळायचं?"

आबाजींनी मान खाली घातली. हाच प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांबद्दल विचारला होता. "कळनार न्हाय," ते म्हणाले. "माझ्या बोलन्यावर जाऊच नका तुमी. पोरीला घिऊन मी हितं येतो, न्हायतर पोराला घिऊन तुमी या. समोर बसा आन तिलाच इचारा. माझ्यापायी तिचं नुकसान नको, येवढंच मागतो."

अप्पा बाजेवर बसले आणि त्यांना बसायला जागा केली. "बसा. चहा घ्या," ते म्हणाले आणि एकदम हसायला लागले. "आता माझंबी ऐका. तुमी दुकानात शिरला तवाच न्हाव्यानं वळखलं. त्यानं मला फोन केला, वरकुट्याचा बोकडवाला आलाय. मागं बैलवाला म्हनून आला हुता तोच. आमच्या वाडीची दोन स्थळं तुमी मोडली हायती, ठाऊक हाय का? मीच सगळ्यांना सांगितलं, येकच वाक्य बोला. जास्ती बोलला तर त्यो मानूस त्यातनं आख्खं घर काढतो बाहीर."

"तरीच!" आबाजी म्हणाले. संशय खरा ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर उमटला आणि लाजेनं लगेच विझला. "पण झाकत काय हुता?"

"काय न्हाय! भ्यालो हुतो तुमाला."

रविवारी पाहुणे वरकुट्याला आले. अप्पा, बिरुदेवाची आई आणि बिरुदेव. आबाजी जन्मात पहिल्यांदा बघायच्या कार्यक्रमाला घरात बसले. म्हाळसानं त्यांना धुतलेलं धोतर दिलं होतं आणि ताकीदही दिली होती, की तोंड उघडायचं तर आधी माझ्याकडं बघायचं.

पोहे झाले. सगळे चहाच्या कपात बघत बसले. आबाजींनी म्हाळसाकडं बघितलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. तरी ते बोललेच.

"बिरुदेवा, मी तुझ्या गॅरेजासमोर रस प्यालो. येकजन मीटर मागं फिरवायला आला हुता. तू म्हणलास, उद्या या. त्येचा अर्थ काय?"

बिरुदेव जरा दचकला, मग हसला. "रोज एक येतो तसला. नाही म्हटलं की तासभर वाद घालतात, पाव्हणारावळा मधे घालतात. म्हणून उद्या या म्हणतो. उद्या आले की परत उद्या. तिसऱ्यांदा कुणी येत नाही."

"खरं कशावरनं?"

मल्हारनं कपाळाला हात लावला. अप्पा मात्र पुढं वाकून ऐकायला लागले, कारण हा प्रश्न त्यांच्याही धंद्याचा होता.

बिरुदेव विचारात पडला. "कशावरून म्हणजे… मी सांगतोय एवढंच. पुरावा काय देणार, आजोबा?"

वैष्णवीनं चहाचा कप खाली ठेवला. ती म्हणाली, "दत्तोबाकाका म्हणाले तुम्ही सेट आहात. खरं सांगा, गॅरेज कसं चाललंय?"

"हंगामात बरं. ट्रॅक्टर येतात. पावसाळ्यात कठीण जातं," बिरुदेव म्हणाला. "शेड भाड्याची आहे. अजून बरंच व्हायचंय. काकांनी ते जरा आधीच सांगून टाकलं." मग त्यानंही धीर केला. "मला एक विचारायचं होतं. ते फावड्याचं…"

"अजून कुणाला मारलं नाही," वैष्णवी म्हणाली.

अप्पांना ठसका लागला. बिरुदेवाच्या आईनं पदर तोंडाला लावला आणि तिच्या खांद्यांकडं बघून कळलं, की ती हसतेय.

मल्हारनं आतून ताट आणलं. त्यात सुपारी, हळद-कुंकू, नारळ. घरातल्या प्रत्येक लग्नात सुपारी फुटण्याआधी आबाजींकडं बघायचं, ही या घराची रीत. त्यानं ताट आबाजींसमोर धरलं. "आबा, फोडायची का?"

आबाजींनी बिरुदेवाकडं बघितलं. त्याच्या हातांच्या रेघांत तेलाचा काळेपणा बसला होता. डोळे सरळ होते. पण सरळ डोळ्यांचे लबाड आबाजींनी पुष्कळ पाहिले होते. आतला किडा अजून मेला नव्हता, तो काही या जन्मी मरणार नव्हता. परत एकदा बारामतीला जावं, दोन दिवस रसवंतीत बसावं, तो जाडगेला परत येतो का बघावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

"मला पुरतं कळलं न्हाय," ते म्हणाले. "आन कळनारबी न्हाय. नांदायचं तिला हाय. तिला इचारा."

सगळ्यांच्या माना वैष्णवीकडं वळल्या. तिनं आजोबांकडं बघितलं, मग बिरुदेवाकडं, आणि ताट स्वतःच्या हातात घेतलं.

"फोडा," ती म्हणाली.

सुपारी फोडायला अडकित्ता सापडेना. म्हाळसा आत धावली. मल्हार बाहेर धावला. त्या गडबडीत अप्पा सरकत सरकत आबाजींच्या शेजारी येऊन टेकले आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "आबा, आमच्या धाकल्या भनीच्या पोरीला येक स्थळ आलंय, वालचंदनगरचं. तेवढं बघून येता का?"